वायर लावूनही स्पीड ९४ वरच अडकतोय? राउटर घेण्याआधी लिंक बघा

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पाथर्डी फाट्याजवळ तुमचं रो-हाउस आहे. ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. नेटचा डबा खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवलाय. त्याच्याजवळ उभं राहून मोबाइलवर वायफायने टेस्ट केली की २७०-२८० मिळतात. वरच्या खोलीतल्या पीसीला मात्र बिल्डरने भिंतीतून टाकून दिलेली लॅन वायर जोडलीय आणि तिथे आकडा ९३-९४ च्या पुढे जात नाही, दिवसा नाही की रात्री नाही. नेटवाल्यांचा मुलगा येऊन खाली स्वतःच्या मोबाइलवर पूर्ण स्पीड दाखवून गेला. दुकानदार म्हणतो नवा, भारीतला राउटर घ्या. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. आत्ता तरी नाही. नाशिकमध्ये घरांची, दवाखान्यांची आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांची केबलिंगची कामं मी करतो. असा फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: आकडा नेमका किती येतोय? 'नेट स्लो आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही. आकड्यावरून मात्र बिघाड कुठल्या बाजूला आहे ते अर्धंअधिक कळतं, आणि तुमचा ९४ हा आकडा तर फारच बोलका आहे.

इथरनेटच्या, म्हणजे लॅन वायरीच्या, पोर्टचे वेग ठरलेले असतात: १०, १००, १००० एमबीपीएस. अलीकडे २५०० सुद्धा. मधला कुठलाही नाही. दोन्ही टोकांची यंत्रं आपसात बोलून यातला एक वेग ठरवतात, त्याला आम्ही लिंक म्हणतो. लिंक १०० ची झाली की स्पीड टेस्टमध्ये ९४ च्या आसपास दिसतं, कारण तारेवरून नुसता तुमचा डेटा जात नाही. डेटा छोट्या पाकिटांत तुकडे होऊन जातो, आणि प्रत्येक पाकिटाला पत्ते आणि मोकळी जागा लागते. तारेवर १५३८ बाइट जातात तेव्हा त्यात तुमच्या कामाचे १४४८ ते १४६० असतात. भागाकार करून बघा, ९४ ते ९५ टक्के येतात. त्यामुळे ९४ वर घट्ट बसलेला आकडा दिसला की कंपनीला दोष देऊ नका. कंपनीकडच्या गर्दीमुळे स्पीड पडतो तेव्हा तो कधी १२०, कधी ६०, पहाटे २९०, असा हलता असतो. हलत नसेल तर वाटेत कुठेतरी १०० ची लिंक झालीय, आणि ती घरातच आहे. मोबाइलला डब्याजवळ २८० मिळतायत म्हणजे फायबर, प्लॅन आणि डबा तिन्ही ठीक आहेत. उरतो तो डब्याच्या पोर्टापासून पीसीपर्यंतचा रस्ता.

आधी लिंक डोळ्यांनी बघून घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'इथरनेट'. खाली 'लिंक स्पीड' अशी ओळ असते. तिथे १००/१०० दिसलं तर शंका मिटली. १०००/१००० असेल तर बिघाड वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो. पोर्टावरच्या हिरव्या-पिवळ्या दिव्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशोब वेगळा असतो.

आता फुकटात होणारी तपासणी. डब्याच्या मागे दोन किंवा चार लॅन पोर्ट असतील. ते सगळे सारखे दिसतात, पण सारखे असतीलच असं नाही. आपल्याकडे फायबरबरोबर मिळणाऱ्या कितीतरी डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० चा, असतो, बहुतेकदा पहिला, आणि बाकीचे १०० चे. खालच्या स्टिकरवर 'जीई' आणि 'एफई' अशी इंग्रजी अक्षरं बघा. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे १०० चा. कनेक्शन देणारा मुलगा हाताला येईल त्या पोर्टात वायर खोचतो, आणि त्यानंतर टीव्हीच्या मागे कोणी वाकून बघत नाही. वरच्या खोलीची वायर काढून जीई पोर्टात लावा आणि पीसीवर लिंक पुन्हा बघा. १००० झाली तर इथून पुढचं वाचायचीही गरज नाही. स्मार्ट टीव्हीला तो पोर्ट देऊन ठेवू नका. बहुतेक टीव्हींचा स्वतःचा लॅन पोर्टच १०० चा असतो आणि त्यांना तेवढं पुरतं.

नाही झाली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काय सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते. चांगली, वर कॅट-५ई किंवा कॅट-६ (हे लॅन वायरीचे दर्जे) छापलेली मीटर-दोन मीटरची पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार वायर, घ्या. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप खाली आणून त्या कॉर्डने थेट जीई पोर्टाला लावा. लिंक १००० आली म्हणजे डबा निर्दोष. मग तोच लॅपटॉप, तीच कॉर्ड घेऊन वर जा आणि भिंतीतल्या जॅकला लावा. इथे १०० दिसली तर दोष भिंतीतल्या वायरीत, तिच्या दोन टोकांत किंवा खालच्या जॅकपासून डब्यापर्यंतच्या तुकड्यात. वरही १००० आली तर दोष पीसीत किंवा त्याच्या जुन्या कॉर्डमध्ये. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल आणि यूएसबीचा डोंगल वापरणार असाल तर आधी त्याची पाटी वाचा. स्वस्त डोंगल १०० चेच असतात, आणि यूएसबी २.० चा गिगाबिट डोंगल ३०० च्या आसपासच दमतो. असा डोंगल लावून केलेल्या तपासणीने भलतीकडेच बोट दाखवलं जातं. मधे एखादा जुना आठ पोर्टचा नेटवर्क स्विच (एका लॅन वायरीवर अनेक यंत्रं जोडणारी पेटी) असेल तर तोही बाजूला काढा. बऱ्याच घरांत सीसीटीव्हीवाल्याने लावलेला १०० चा स्विच शांतपणे सगळ्यांचा वेग अडवून बसलेला असतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज भिंतीतल्या वायरीच्या टोकांवर आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकच्या नव्या-जुन्या दोन्ही बांधकामांत हेच सगळ्यात जास्त सापडतं.

लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० च्या लिंकला फक्त दोन जोड्या लागतात, कनेक्टरच्या (वायरीच्या टोकाच्या प्लगच्या) १-२ आणि ३-६ या जागांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, सैल झाली किंवा कुणी लावलीच नाही, तरी नेट चालू राहतं. यूट्यूब चालतं, मीटिंग चालते, कुणाची तक्रार येत नाही. यंत्रं आधी १००० चा प्रयत्न करतात, जमत नाही म्हणून निमूटपणे १०० वर उतरतात. काही यंत्रांना असं उतरता येत नाही. तिथे लिंक लागते-तुटते-लागते असा खेळ चालतो आणि लोक 'राउटर सारखा बंद पडतो' म्हणून सांगतात. पूर्वी ४० किंवा ५० च्या प्लॅनला हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहायचा. प्लॅन १०० च्या वर गेला की उघडा पडतो.

फेसप्लेट, म्हणजे भिंतीतल्या जॅकची प्लेट, उघडायच्या आधी त्या खोलीचा आणि खालच्या हॉलचा एमसीबी पाडा. बिल्डरच्या कामात लॅन वायर आणि लाइटच्या वायरी एकाच पाइपातून नेलेल्या मला पुष्कळदा सापडतात. तसं करू नये, पण केलेलं असतं, आणि स्क्रू ड्रायव्हर तुमच्या हातात असतो. टेस्टरने खात्री करूनच हात घाला.

प्लेट ओढून बाहेर काढलीत की जे दिसतं ते साधारण असं असतं. भिंतीतल्या खोक्यात पीओपीची पूड. वायरीचं वरचं आवरण तीन-चार इंच सोललेलं, आणि तेवढ्या लांबीत जोड्यांचे पीळ पूर्ण उकलून तारा सरळ करून ठेवलेल्या. त्या जॅकच्या मागच्या खाचांत बसवताना योग्य हत्यार (पंचिंग टूल) न वापरता स्क्रू ड्रायव्हरने दाबलेल्या, त्यामुळे एखादी तार खाचेच्या वरच तरंगतेय, तांब्याला पात्याचा स्पर्शच नाही. कधी तपकिरी जोडी मागे दुमडून टेपने गुंडाळलेली असते, कारण 'ह्या चारवर चालतंय' असं वायरमनला कळलेलं असतं. पुढून टॉर्च मारून बघा. दिवाळीच्या रंगकामात ब्रश प्लेटवरून फिरलेला असेल तर जॅकच्या सोनेरी तारांवर डिस्टेंपरचा पांढरा पापुद्रा दिसेल. आठपैकी एका तारेवर असला तरी गिगाबिट गेलं.

एखादी तार ब्लेडने अलगद खरवडूनही बघा. आत शेवटपर्यंत तांबूसच राहिली तर शुद्ध तांबं. वर तांबूस आणि आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. बाजारात तिला सीसीए म्हणतात. ती स्वस्त पडते म्हणून सर्रास वापरली जाते. तिचा अवरोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो, ती दोन-तीनदा वाकवली की मोडते आणि जॅकच्या खाचेत दाबताना आतून तुटते, बाहेरून मात्र साबूत दिसते. अशा वायरीचं टोक पुन्हा पुन्हा बनवू नका. एकदा नीट बनवा. नाही टिकलं तर वायरच बदलायची.

टोक कसं बनवायचं? दोन्ही बाजूंना नवे, चांगल्या कंपनीचे कॅट-६ जॅक घ्या. एम. जी. रोडवरच्या दुकानांत सहज मिळतात आणि राउटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. जॅकच्या अंगावर 'ए' आणि 'बी' असे रंगांचे दोन क्रम छापलेले असतात. दोन्ही टोकांना 'बी' धरा. जॅकवरचा क्रम कनेक्टरसारखा ओळीत नसतो, म्हणून पाठांतरावर जाऊ नका, छापलेला रंग बघूनच तार बसवा. कनेक्टर क्रिंप करायचा असेल तर क्लिप खाली आणि तोंड आपल्यापासून पलीकडे धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ शेवटपर्यंत ठेवायचा. उकललेला भाग अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १३ मिलिमीटरच्या आत हवा. तारा पंचिंग टूलनेच दाबायच्या. तुमचा हात नसेल तर नेटवर्कचं काम करणाऱ्याला बोलवा. लाइटचं काम करणारा वायरमन त्याच्या कामात कितीही पक्का असला तरी हे काम वेगळं आहे.

का वेगळं, त्याचं एक उदाहरण देतो. वायरमनची समजूत अशी असते की दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं. नारिंगीची जोडी, मग हिरवीची, निळीची, तपकिरीची, अशी सरळ ओळ. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला की १ ते ८ दिवे क्रमाने लागतात, काम पास. पण या मांडणीत ३ आणि ६ या जागांवर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा येतात. यंत्र मात्र ३ आणि ६ ला एकच पिळलेली जोडी समजून सिग्नल पाठवतं. पिळाचं सगळं काम शेजारच्या जोडीचा उपद्रव मारायचं असतं. जोडी फुटली की ते काम थांबतं आणि एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरतो. दोन मीटरच्या वायरीला काही कळत नाही. वीस मीटरला लिंक घसरते, किंवा १०० ची लागूनही स्पीड वीस-तीसवर येतो आणि डाउनलोड मध्येच थबकतं. टेस्टर प्रत्येक तार सलग आहे का एवढंच सांगतो, कोणती तार कोणाच्या पिळात आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून 'टेस्टरवर ओके आहे' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, रंग स्वतः बघा.

वायर मधेच तुटलेली निघाली आणि पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीलाच नवी बांधून ओढून घेता येते. पाइप न टाकता थेट प्लॅस्टरमध्ये गाडलेली असेल तर भिंत फोडण्यापेक्षा जिन्याच्या कडेने पट्टी मारून नवी न्या. रो-हाउसला कॅट-५ई सुद्धा पुरेशी आहे, ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. कॅट-६ शुद्ध तांब्याची मिळत असेल तर तीच घ्या. 'कॅट-८' छापलेल्या चपट्या वायरींवर पैसे घालू नका. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची वेळ आली तर काळ्या आवरणाची आउटडोअर वायर वापरा आणि खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता झोलातून ठिबकतं. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची वायर मात्र नेऊ नका. मे महिन्यात वळवाचा कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी आमचे फोन सुरू होतात, आणि मेलेले पोर्ट बहुधा अशाच वायरींच्या टोकाला असतात. कधी पोर्ट पूर्ण मरत नाही, फक्त १००० ची लिंक धरायची सोडतो. वायर नवी, जॅक नवा, तरी १०० च, आणि पावसाळ्यापूर्वी सगळं ठीक होतं, असं असेल तर पोर्टावर संशय घ्या.

पीसीच्या सेटिंगमध्ये एकच जागा बघण्यासारखी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'स्पीड अँड डुप्लेक्स' असतं, ते 'ऑटो निगोशिएशन' वरच हवं. कुणीतरी '१०० फुल' असं सक्तीने बसवलेलं असेल तर दोन नुकसान होतात. एक म्हणजे वेग तिथेच अडकतो. दुसरं जास्त वाईट: समोरचा पोर्ट ऑटोवर असतो, त्याला उत्तर मिळत नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्स धरून बसतो. एक बाजू एकाच वेळी बोलते-ऐकते, दुसरी आळीपाळीने. टक्करी होतात आणि एका दिशेचा स्पीड पार कोसळतो. डाउनलोड ८० आणि अपलोड २ किंवा ३, किंवा याच्या उलट असा विचित्र निकाल आला की आधी हे तपासा.

ज्यांची लिंक १००० दाखवते तरीही स्पीड कमी आहे, त्यांच्यासाठी थोडं. डब्याच्या पुढे स्वतःचा राउटर लावला असेल तर त्याच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. '१२००' हा वायफायचा बेरजेचा आकडा असतो, आणि असे कित्येक राउटर १०० च्या पोर्टांसह विकले जातात. इंटरनेट आत येणारा पोर्टच १०० चा असेल तर घरभर कुणालाच ९४ च्या वर मिळणार नाही. खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' किंवा '१०/१००/१०००' हे शब्द शोधा. पोर्ट गिगाबिटचे असूनही १५०-२०० वर अडत असेल तर राउटरमधलं क्यूओएस (कोणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय), पॅरेंटल कंट्रोल आणि ट्रॅफिक मोजणी बंद करून बघा. या सोयी चालू केल्या की पुष्कळ राउटर पाकिटं झटपट पुढे ढकलणारी हार्डवेअरची वाट सोडून प्रत्येक पाकीट प्रोसेसरकडून तपासून घेतात, आणि पीपीपीओई लॉगिन (युजरनेम-पासवर्डने नेट जोडण्याची पद्धत) असेल तर त्याचाही भार तिथेच पडतो. घरातलाच रस्ता तपासायचा असेल तर दोन कॉम्प्युटरवर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. तिथे ९४० च्या आसपास आले तर घर स्वच्छ, शोध बाहेर करायचा.

बाहेरचा दोष सिद्ध करायचा असेल तर डब्याला थेट वायरने लॅपटॉप लावून पहाटे एक आणि रात्री नऊच्या सुमाराला एक अशा टेस्ट आठवडाभर करा. स्क्रीनशॉटमध्ये लिंक स्पीडची १००० ची ओळही येऊ द्या, म्हणजे 'तुमच्या वायरीचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर देता येत नाही. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. ती उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर कुठेतरी फायबर दुमडलीय किंवा जॉइंट खराब झालाय, तो आकडाही जोडा. तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. निकाल समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तशी दोन पायऱ्यांची व्यवस्था दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांतच आहे. आणि तक्रारीआधी प्लॅनची महिन्याची डेटा मर्यादा संपलेली नाही ना ते ॲपवर बघा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही ती असते.

ताई, तुमच्यासाठी क्रम एवढाच: आज जीई पोर्ट, मग चांगली कॉर्ड आणि लॅपटॉप घेऊन खाली-वर लिंक, आणि रविवारी एमसीबी पाडून दोन्ही फेसप्लेट. उघडल्यावर काहीही हलवण्याआधी दोन्ही जॅकचे मागून फोटो काढा, आठही रंग स्पष्ट दिसतील असे, आणि इथे टाका. वायर कोणत्या कंपनीची, तिच्यावर काय छापलंय तेही लिहा. पुन्हा पंच करून भागेल की वायर बदलावी लागेल, ते फोटो बघून सांगतो.